वेदीवरचं पुडकं

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

पाच महिने झाले, तुला पत्र लिहायचं मी टाळतोय. वेळ नव्हता असं तुला सांगून काही उपयोग नाही, तुला माझा वेळ माहीत आहे. आधी कागद नव्हता. कागद आणला तर त्यात मी बूट गुंडाळले, आणि मग बूटच चोरीला गेले. पण खरं कारण हे की मी छापखान्यातली नोकरी सोडली. तू म्हणशील, पुन्हा? हो, पुन्हा. माझ्या पायाला भिंगरी आहे हे तूच म्हणायचीस, नावही तूच ठेवलंस, आता भोग.

तर झालं असं. शीतगृहात पेट्या उचलायचं काम मिळतंय असं कळलं म्हणून बसमध्ये बसलो आणि झोपलो. कंडक्टरने उठवलं ते शेवटच्या थांब्यावर. पाऊस पडत होता आणि सगळ्या रस्त्यात एकच दार उघडं होतं, चर्चचं. आत एक मुकादम देवाच्या घरात बसून शिव्या देत होता, कारण त्याचा पॉलिशवाला पळून गेला होता. मी म्हटलं, मला येतं. येत नव्हतं. आता येतं.

बत्तीस बाकं आहेत. आधी पॉलिश पेपरने घासायची, मग पुसायची, मग वॉर्निश. माझ्या बोटांना आता आंघोळीनंतरही वॉर्निशचा वास येतो. दार इतकं जड आहे, आणि त्याला स्प्रिंग अशी, की कुणीतरी धरून ठेवल्याशिवाय हातात सामान घेऊन आत येता येत नाही. मी रोज एक बादली त्या दारात सांडतो.

मी कुठे होतो? हां, वेदी. वेदीच्या टेबलाच्या उजव्या टोकाला काही वस्तू ठेवल्यात. एक मेणबत्त्यांचं खोकं, मधाची बरणी, आणि एक कापडात बांधलेलं पुडकं. टेबलाला पॉलिश करायचं म्हणून मी उचलायला गेलो, तर राखणदारीण ओरडली. हिच्या कमरेला सतरा किल्ल्या आहेत, त्यातल्या चार चालतात. सगळे तिला किल्लीबाई म्हणतात.

"हात नको लावू. माणसं येतील न्यायला."

"कधी?"

"भांडण मिटलं की."

मग तिने सांगितलं. अर्पण घेऊन वेदीशी आलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं, उठायचं, आधी त्याच्याशी समेट करायचा, मग येऊन अर्पण द्यायचं. हे तर आपण रविवारच्या शाळेत पाठ केलं होतं. पण आत्या, ही मंडळी ते खरंच करतात. खरंच उठून जातात. एकाने बटाट्याचं पोतं ठेवलं होतं, तो दोन महिन्यांनी आला तोवर बटाट्यांना हातभर कोंब. पाळकसाहेबांनी कोंबांसकट आशीर्वाद दिला म्हणे.

मी म्हटलं, "म्हणजे आपला ज्याच्यावर राग आहे, त्याच्याकडे जायचं."

"नाही रे रंगाऱ्या. नीट वाच. तुझं मन स्वच्छ असेलही. त्याच्या मनात तुझ्याबद्दल काही असेल, तर तू उठायचं. देव म्हणतो, मला थांबव, त्याला थांबवू नको."

मी इतकी वर्षं ते उलटं वाचत होतो. तू कसं वाचतेस?

बाकीच्या वस्तू या वर्षातल्या. पुडकं मात्र अकरा वर्षांपासून आहे. ठेवणारी बाई उपासनेच्या मध्येच उठून गेली आणि परत आलीच नाही. किल्लीबाईला तिचा चेहरा आठवत नाही.

आता मी काय केलं ते सांगतो, रागावू नको. ती जेवायला गेल्यावर मी पुडकं उचललं. त्याची गाठ आपली आहे, आत्या. आजोबांची. तीन वेढे, टोक खालून आत, कात्रीची गरज नाही. मला वाटायचं ही गाठ जगात फक्त आपल्या घरात बांधतात. येते का बघू म्हणून मी सोडली. कापड उघडलं नाही, शप्पथ. मग तशीच परत बांधली. हात विसरले नव्हते.

तुझा खोकला कसा आहे? इथल्या प्रभुभोजनाला, पाव आणि द्राक्षारस वाटतात तेव्हा, मला दर वेळी तुझी आठवण येते. नेमका तेव्हाच तुला खोकला यायचा आणि तू बाहेर जायचीस.

तुझा,
भिंगऱ्या


१० नोव्हेंबर

चि. भिंगऱ्यास,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बूट चोरीला गेले तर अनवाणी फिरतोस का? तुझे जुने बूट माळ्यावर आहेत, पण आता होणार नाहीत.

ते काम सोड. बाकं घासून पोट भरत नाही, वॉर्निशच्या वासाने छाती बिघडते. आपल्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला माणूस हवाय, मी तुझ्यासाठी बोलून ठेवलंय. लगेच नीघ.

आणि दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावायची सवय मी तुला लावली नव्हती. तशी गाठ शंभर माणसं बांधत असतील. तो निळा चादरीचा तुकडा जसा होता तसा ठेव आणि त्या टेबलाजवळ पुन्हा जाऊ नको.

माझ्या गुडघ्यांचं काही विचारू नको. कोपऱ्यावरच्या दुकानापुढे मी गेली दोन वर्षं गेलेली नाही. शिवणाची कामं लोक घरी आणून देतात.

तुझी,
आत्या


१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय आत्या,

सलाम.

कापड निळं आहे असं मी लिहिलं नव्हतं. पत्रांची मी नक्कल ठेवत नाही, पण एवढं मला आठवतं, कारण कापडाच्या रंगाबद्दल लिहायचं म्हणून मी थांबलो होतो आणि मग बटाट्यांकडे वळलो.

ते बाजूला ठेवू. आधी हे ऐक, कारण मला दुसरं कुणी ऐकणारं नाही. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, थिनर कमी हुंग.

मी बांधलेली गाठ दुसऱ्या दिवशी तशीच होती. शनिवारी दुपारी मुकादम बारा वाजता गेला. किल्लीबाईने चारला दाराला कुलूप लावलं आणि आम्ही दोघं मागच्या खोलीत चहा प्यायलो. पाचला मी ब्रश धुवायला आत आलो. ऊन खिडकीतून वेदीपर्यंत आलं होतं, म्हणून दिसलं. गाठ उलटी होती. वेढे तीनच, टोक खालूनच, पण सगळं आरशात बघावं तसं. दोरा ओला होता.

मला वाटलं मीच घाईत उलटी बांधली. म्हणून सोडून सुलटी बांधली. मग आठवडाभर काही नाही. या शनिवारी, चार ते पाचच्या मध्ये, पुन्हा उलटी. या वेळी दारापासून वेदीपर्यंत पावलंही होती, ओली, मोठी. वेदीपर्यंत येणारी. परत जाणारी नव्हती. मी फरशी पुसायचं फडकं घेऊन उभा राहिलो आणि मला ती पुसवेनात. बघता बघता वाळून गेली.

किल्लीबाईने बांधली नसणार. तिची बोटं इतकी वाकडी झालीत की ती बुटांना नाडीच लावत नाही. मी तिला दाखवलं तर ती घाबरली नाही.

"कुणीतरी बघून जातंय," म्हणाली, "ती आली का ते."

आत्या, तू एकदा सांगितलं होतंस. आजोबा मालगोदामात पार्सलं बांधायचे, सुट्टीत तुम्हा दोघांना हाताशी घ्यायचे, आणि बाबांनी बांधलेलं पार्सल ते लांबून ओळखायचे, कारण बाबा डावखुरे.

बाबा इथे आहेत का? मला टाकून गेले ते याच गावात राहतात का? मी त्यांच्यावर ओरडणार नाही. मला फक्त विचारायचंय की मी नऊ वर्षांचा होतो, माझं असं काय चुकलं होतं. एवढं एक कळलं तर मी एका जागी बसेन असं मला वाटतं.

खरं लिही.

भिंगऱ्या


२२ नोव्हेंबर

चि. भिंगऱ्यास,

चार वेळा लिहून फाडलं. हे फाडणार नाही.

पुडकं माझं आहे.

तुझे बाबा तुला टाकून गेले नव्हते. तुझी आई गेल्यावर त्यांना लांबच्या धरणावर काम मिळालं. तिथे मुलाला ठेवायची सोय नव्हती. दोन महिने सांभाळ म्हणून त्यांनी तुला माझ्याकडे सोडलं. त्या दोन महिन्यांत तू मला सोडून झोपत नव्हतास. माझ्या घरात तोवर कुणी माझी वाट बघितली नव्हती.

ते न्यायला आले तेव्हा मी साखळी लावून दार उघडलं. तुला वसतिगृहात घातलंय, असं मी त्यांना म्हणाले. तुला त्यांना भेटायचं नाही, म्हणाले. तू मागच्या खोलीत तापाने झोपला होतास. ते तीन वेळा आले. तिसऱ्यांदा तुझ्यासाठी आणलेले बूट पायरीवर ठेवून गेले. ते बूट मी तुला बाजारातून आणले म्हणून दिले. माळ्यावर आहेत ते तेच. तुला मात्र सांगितलं की ते आलेच नाहीत.

दुसऱ्या वर्षी मी दोन दिवस शिवणाच्या कामाला म्हणून गेले आणि तुला शेजारी ठेवलं, आठवतं? मी त्या चर्चच्या मेळाव्याला गेले होते. वेदीवर घालायचं कापड सात महिने भरत होते. ते अर्पण करायला पुढे गेले आणि पाळकांनी तोच भाग वाचला. मी तोवर स्वतःला सांगत आले होते की मी एका मुलाला वाचवलं. माझ्या मनात माझ्या भावाविरुद्ध काहीच नव्हतं. आणि तिथे उभ्या उभ्या मला कळलं की प्रश्न माझ्या मनाचा नाहीच.

ते त्याच गावात राहत होते, तोपर्यंत धरणाचं काम संपलं होतं. पत्ता मला ठाऊक होता. मी गेले. खिडकीतून दिसले. टेबलावर पार्सलं बांधत होते, डाव्या हाताने. मी दार वाजवायला हात वर केला, तो तसाच खाली आणला. समेट झाला असता तर तुला द्यावं लागलं असतं. तिथून सरळ बस पकडली.

दोन वर्षांनी त्या घरच्या मालकिणीचं पत्र आलं. न्यूमोनिया. गेले. त्यांनी कुणाला तरी सांगायला हवं म्हणून माझा पत्ता दिला होता, माझी बहीण एवढंच सांगितलं होतं म्हणे. बाकी काही नाही.

तेव्हा, भिंगऱ्या, तिथे येणारं जे कुणी आहे ते तुझे बाबा नाहीत. नऊ वर्षांपूर्वी ते गेले.

तुझं काही चुकलं नव्हतं.

मला खोकला कधीच नव्हता. प्रभुभोजनाचा तो घास मी कोणत्या तोंडाने घेणार होते?

आत्या


२ डिसेंबर, मंगळवार

आत्या,

दहा दिवस मी काही लिहिलं नाही. बत्तिसांपैकी अकरा बाकं घासून पुन्हा पहिल्यापासून घासली. मुकादम म्हणाला, लाकूड संपेल.

मी दर गावात गेलो की गर्दीत बाबांसारखी उंच माणसं बघायचो, तुला ठाऊक नव्हतं. म्हणून फिरत होतो, भिंगरी वगैरे काही नाही.

किल्लीबाईला मी सगळं सांगितलं. म्हटलं, आता काय उपयोग, तो माणूस मेला. भांडण बंद. तिने किल्ल्या काढून बाकावर ठेवल्या, म्हणजे गंभीर बोलणार.

"कुणासाठी मेला?"

"सगळ्यांसाठी."

"येशू काय म्हणाला? अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव. मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा. त्याच्या लेखी सगळेच जिवंत. लोकांना वाटतं हे दुखवट्याच्या घरात सांगायचं सांत्वन आहे. सांत्वन कसलं. याचा अर्थ समोरचा मेला म्हणून तू सुटला नाहीस."

मग मी म्हटलं, आणि माझं काय? माझ्या मनात आत्याविरुद्ध आहे. ती येईल माझ्याकडे?

"यायला हवं तिने. पण तुला वेगळं सांगितलंय. प्रार्थनेला उभा राहिलास आणि मनात कुणाविरुद्ध काही असेल, तर तिथल्या तिथे क्षमा कर. ती येईपर्यंत थांब असं नाही लिहिलेलं. दुखावणाऱ्याने उठून निघायचं, दुखावलेल्याने ती पोचायच्या आधी सोडून द्यायचं. दोघांनी वाचलं तर वाटेतच भेट होते."

मी म्हटलं, मला जमणार नाही. ती म्हणाली, "बाकं घास."

मी सुलटी बांधून ठेवलेली गाठ शनिवारी पुन्हा उलटी होती. मी आता तिला हात लावत नाही. पावलं होती. या वेळी ती पहिल्या बाकापाशी, जिथे मी रोज बसतो, तिथेही थांबली होती. बराच वेळ. तिथे पाणी साचलं होतं.

ये, आत्या. मी रागावलोय तरी म्हणतो, ये.

भिंगऱ्या


६ डिसेंबर

चि. भिंगऱ्यास,

मी येणार नाही. माझी वाट बघू नकोस.

गुडघ्यांचं कारण आहे, पण तू आता माझी कारणं मोजतोस म्हणून खरं लिहिते. मला भीती वाटते. जिवंत होते तेव्हा त्यांच्या दारावर हात वाजला नाही. आता कोणतं तोंड घेऊन समोर उभी राहू, आणि कुणाच्या समोर?

त्या राखणदारीणबाईंना माझा सलाम सांग आणि त्यांची परवानगी घेऊन ते पुडकं शेगडीत टाक. अकरा वर्षांत देवाला त्या कापडावाचून काही अडलेलं नाही.

तुला माझा राग आला असेल तर तो ठेव. तो तुझ्या हक्काचा आहे. बेकरीवाला अजून थांबलाय.

आत्या


१३ डिसेंबर, शनिवार, दुपारी चार

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

पुडकं मी शेगडीत टाकलं नाही. किल्लीबाईला तुझा निरोप दिला तेव्हा ती म्हणाली, दुसऱ्याचं अर्पण आपल्याला देताही येत नाही आणि जाळताही येत नाही. मग माझ्याकडून उरलेली खिडकी पुसून घेतली.

बाकं झाली. बत्तीसच्या बत्तीस. शेवटच्या बाकाखाली कुणीतरी चघळून चिकटवलेलं काहीतरी सापडलं, मी ते काढायला पाऊण तास घालवला, आणि ते काढता काढता माझ्या लक्षात आलं की मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलतोय आणि भांडत नाहीये. कधीपासून ते सांगता येणार नाही. काल संध्याकाळच्या प्रार्थनेला उभा होतो. पाळकसाहेब लांबवतात, माझं लक्ष छताच्या डागाकडे गेलं, मग त्या बुटांकडे गेलं. मला ते आवडायचे. मी ते लहान झाले तरी घालायचो, टाच दुमडून. ते त्यांनी आणले होते आणि घालताना नाड्या तू बांधायचीस. दोघांनी मिळून एका पोराला बूट घातले, फक्त एकमेकांना न सांगता. एवढं डोक्यात आलं आणि मी म्हटलं, सोडलं. तोंडाने म्हटलं. पुढच्या माणसाने वळून बघितलं.

तेव्हा राग हक्काचा असला तरी मी तो ठेवलेला नाही. तुला हे कळावं म्हणून लिहितोय, तू ये म्हणून नाही. सोमवारी मी बसने तिकडे येतो. बेकरीवाल्याला सांग, मला पाव येत नाही, पण शिकेन.

आज एक वेगळं झालंय. किल्लीबाई मागच्या खोलीत आहे, मी दार नुसतं लोटून ठेवायला सांगितलं, कुलूप नको म्हटलं. लपून बघायचा कंटाळा आला. मी पहिल्या बाकावर बसून लिहितोय. इथून वेदी आठ पावलांवर आहे. ऊन आलंय. लिहायला बसलो तेव्हा पुडक्याची गाठ होती, उलटी, मी हात न लावलेली. आत्ता वर बघितलं तर नाही. गाठ सुटली आहे. दोरा बाजूला गुंडाळून ठेवलाय, आजोबा ठेवायचे तसा, फक्त डावीकडे वळत जाणारा. निळं कापड तसंच मिटलेलं आहे. मी काही आवाज ऐकला नाही, आणि मला वाटलं होतं तेवढी भीतीही वाटत नाही. आजोबांचा नियम तूच सांगायचीस, ज्याने बांधली त्यानेच सोडायची. त्यांनी त्यांची सोडली असं मी समजतो.

बाहेर बस थांबली. शेवटचा थांबा आहे, इथे शनिवारी कुणी उतरत नाही. पायरीवर काठी वाजते आहे. एक पायरी, मग बराच वेळ, मग दुसरी. दाराशी कुणीतरी धापा टाकतंय. मी उठायला हवं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन हे दार कुणाला उघडता येत नाही.

उघडलं.

मी अजून बाकावरच आहे. आत्या, हे पत्र पोस्टात टाकायची गरज नाही. तू आत आली आहेस. टोपी वाकडी झाली आहे, पिशवीतून माझ्या जुन्या बुटाची टाच बाहेर आली आहे, आणि तू अजून मला बघितलेलं नाहीस, तू वेदीकडे बघते आहेस. तुला वाटतंय दार मुकादमाने धरलं, म्हणून मागे न वळता तू म्हणालीस, "देव तुमचं भलं करो, भाऊ." मुकादम बारालाच घरी गेला. दार अजून उघडं आहे, आणि त्याच्या कडेवर, बरंच वर, एक ओला हात आहे. डावा.